चार शब्दांतला एक

साताऱ्याजवळच्या आमच्या गावात इंग्रजी लिहिणारे दोघेच होतो. सांगलीच्या कॉलेजात शिकणारा मी, आणि पलटणीतून पेन्शनीत आलेले हवालदारकाका. काकांचं इंग्रजी चार ओळींत संपायचं. मला त्याचं हसू यायचं.

महायुद्ध चालू होतं. माझा थोरला भाऊ पलटणीत नाईक होता. दंडावर दोन फिती होत्या आणि तिसरी मिळेल असं साहेबानं सांगून ठेवलं होतं. तो भरती झाला म्हणूनच मी कॉलेज पाहिलं, हे आधी लिहून ठेवतो. त्या वर्षी तो रजेवर आला आणि परत निघायच्या आदल्या दिवशी हिवतापानं अंथरुणाला खिळला. मला सुट्टी होती.

"कागद लिव गड्या," तो कांबळ्यातून म्हणाला. "म्हणावं आजारी हाय, उतार पडला की येतो."

उशाशी बसलेले हवालदारकाका म्हणाले, "निस्तं सिक लिव. सिक म्हटलं की साहेबाला कळतं."

"ते शिपायांचं इंग्रजी झालं, काका."

"व्हय बाबा, आमी शिपाईच."

कॉलेजात मी समानार्थी शब्दांची एक वही केली होती. प्राध्यापकांनी ती पाहून लाल शाईनं 'उत्तम' असा शेरा दिला होता. तिच्यात 'आजारी'साठी चार शब्द एकाखाली एक लिहिलेले: सिक, इल, अनवेल, इनडिस्पोज्ड. पहिले तीन मला अगदीच साधे वाटले. चौथा सगळ्यात लांब, म्हणून सगळ्यात सभ्य, असं मी धरून चाललो. मनात मराठी वाक्य होतं, 'आजारी असल्यानं परत येता येत नाही.' त्याचं मी करून टाकलं, 'आय अ‍ॅम इनडिस्पोज्ड टू रिटर्न.' भावाला वाचून दाखवलं.

"लय झ्याक लिवलंस," तो म्हणाला आणि त्यानं खाली सही केली.

तीन आठवड्यांनी तो उठून गेला. वर्षभरानं पुन्हा रजेवर आला तेव्हा दंड मोकळा होता. फितींच्या जागी कापडाचा रंग तेवढा गडद राहिला होता.

जेवताना त्यानं विचारलं, "इनडिस्पोज्ड म्हंजी काय रं?"

"आजारी."

"तितल्या क्लार्कानं येगळंच सांगितलं. म्हनला, हितं लिवलंय, परत यायची विच्छा न्हाई. साहेबानं इचारलं, सही तुझीच का? म्या म्हनलं, व्हय."

"मी लिहिलं, असं का नाही सांगितलंस?"

"सही माझी हुती की. तुजं नाव कशाला काडायचं?" आणि त्यानं भाकरी पुढं सरकवली.

सांगलीला गेल्यावर मी ग्रंथालयातला मोठा कोश उघडला. हा शब्द एकटा असला तर आजारी, आणि तेही जरासंच. पुढं 'टू' आलं की नाखूश. वहीत मी शब्द उतरवले होते, त्यांचा शेजार उतरवला नव्हता. प्राध्यापकांचा लाल शेरा त्याच पानावर होता.

पुढं मी बी. ए. झालो. भावानं गावभर पेढे वाटले. लढाई संपल्यावर तो घरी आला तो साधा शिपाई म्हणून. मिरजेच्या एका गोदामावर पहारेकऱ्याची जागा निघाली, अर्ज इंग्रजीत हवा होता. मी ओसरीवर नुसता बसून होतो. तो माझ्यासमोरून हवालदारकाकांकडे गेला आणि कागद घेऊन आला.

"तू कामात हुतास म्हनून," तो म्हणाला. "जरा बघ, बराबर हाय का."

काकांच्या चार ओळी होत्या. सगळे शब्द लहान. मी दोनदा वाचल्या. बदलावा असा एकही शब्द सापडला नाही.