भोंगाबायचं दार

भोंगाबायचा गळा मोजेल असं यंत्र अजून निघालेलं नाही. बोईसरच्या कारखान्यांचा भोंगा झाला की लोक घड्याळ लावतात. दांडी गावात ही बाई कावळ्यावर ओरडली की शेजारच्या नवापूरचे कावळेसुद्धा आपलंच काही चुकलं असेल म्हणून उडून जायचे. एकदा तिने किनाऱ्यावरून मुलाला हाक मारली, तर त्याची होडी वारा नसताना दोन हात मागे सरकली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बरं, दीड हात धरा.

गावाने ठेवलेलं हे नाव ती मिरवायची. "कारखान्याच्या भोंग्याला लाइटबिल हाय," म्हणायची, "मी भातावर चालते."

तिचं घर बांधायला आम्ही नऊ जण पुण्याहून गेलो होतो. घरं बांधून देणाऱ्या एका संस्थेचे हौशी मजूर. दहा दिवसांची रजा, कोरे हातमोजे आणि अंगात मावणार नाही एवढा उत्साह. तिचं कुडाचं घर आदल्या पावसाळ्यात अर्धं बसलं होतं. त्याला लागून दोन खोल्यांचं पक्कं घर उभं करायचं आणि तोवर मुक्काम तिच्याच ओटीवर. पहिल्या सकाळी तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत हाक दिली, "सुगंधा, तांदूळ वाढव गो! हे विटा उचलायच्या आदी आपल्यालाच यांना उचलाय लागल!" सुगंधा तिची सून. दहा दिवसांत तिचा आवाज मी तीनदा ऐकला, आणि त्यातला एक बहुधा मांजराचा होता.

घर आणि समुद्र यांच्यामध्ये बोंबील सुकवायची वलांडी होती, म्हणजे बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांचा मांडव. दिवसभर विटा वाहिल्यावर संध्याकाळी आमची शाळा तिथे भरायची. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. माझ्या हातून बोंबील साबणासारखा निसटायचा. "बोटं हायत का केळी?" भोंगाबाय गरजायची. "तोंडात तोंड अडकव नि टाक. मंगलाष्टका म्हनत बसू नको!" चौथ्या दिवशी मी तासाला चार हजार जोड्या लावत होतो. ती म्हणायची, चाळीस. आळीतल्या बायका यायच्या, आमच्या चुकलेल्या जोड्या हसत हसत सोडवून पुन्हा लावायच्या. आपण यांचं घर बांधायला आलोय हे त्या वेळात आम्ही विसरून जायचो.

विसरलो ते तेवढंच नव्हतं. पहिल्या दिवशी नकाशा मीच उलगडला होता. दार रस्त्याच्या बाजूला, समुद्राकडे सलग भिंत. संस्थेच्या कार्यालयातून आलेल्या त्या कागदावर रस्ता होता, समुद्र नव्हता. "बाय, दार इकडे चालेल ना?" मी विचारलं. "तुमाला बरं दिसल तसं," ती म्हणाली. मी तो होकार धरला. आम्ही जोत्यावर चौकट उभी केली आणि भिंतीला लागलो.

पाचव्या दिवशी दुपारी मी वाळू-सिमेंटचा माल कालवत होतो. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते कळेना. मग वलांडीवर पाहिलं तर कावळे ओळीने जेवायला बसलेले, आणि भोंगा बंद! मी घमेलं टाकून धावलो. ती नव्या खोलीत होती. समुद्राकडची भिंत तिच्या डोळ्यांपर्यंत आली होती आणि ती चवड्यांवर उभी राहून पलीकडे पाहत होती.

"उद्या अजून वर गेली का दिसायचं नाय," ती हळू म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. चूल जुन्या घराच्या समुद्राकडच्या दारात होती. तिथे बसून ती एका डोळ्याने भात पाहायची, दुसऱ्याने बोंबील आणि त्यापलीकडे मुलाची होडी. तिचा सगळा संसार त्या एका दारातून चालायचा, आणि नव्या घरात तेच दार आम्ही मोठ्या प्रेमाने बुजवत होतो.

"बाय, सांगायचं ना!"

"कसं सांगू? तुमी घरदार सोडून आले, हाताची सालं काडून भिंत बांदली. कोन हातानं घास भरवते तर त्याला मीठ कमी हाय म्हनू?"

अख्ख्या किनाऱ्याला धाक घालणारी बाई आमच्या चांगुलपणापुढे मुकी झाली होती. माझ्या आयुष्यात मला एवढी लाज दोनदाच वाटली. दुसरी वेळ सांगणार नाही.

आमच्या हाताशी दिलेला मिस्त्री बोईसरचा. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "तीन दिन गया समझो!" आणि पहिली वीट त्यानेच काढली. संध्याकाळपर्यंत समुद्राकडच्या भिंतीचा मधला भाग खाली आला. आळीतल्या बायका विटांना चिकटलेला माल खरवडायला बसल्या, आणि चौकट आम्ही उचलून समुद्राकडे आणली. ओळंबा सोडतोय तोच मागून भोंगा झाला, "ए पुनेकर! वाकडी हाय ती! तुज्यावानी!" इतका गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

ते तीन दिवस गेले ते गेलेच. छप्पर न घालता आम्हाला निघावं लागलं. पत्रे नंतर आळीने चढवले. निरोपाला ती रस्त्यापर्यंत आली नाही. आपल्या नव्या दारात बसून ओरडली, "पोचलास का फोन कर!" रिक्षा तेव्हा पार तारापूरला लागली होती, तरी रिक्षावाल्याने मागे वळून "हो" म्हटलं.

त्यानंतर मी जिथे जिथे घर बांधायला गेलो, तिथे आधी मोकळ्या जागेवर घरच्या बाईला बसायला सांगतो. ती कुठे तोंड करते ते पाहतो आणि मग पायाच्या आखणीची दोरी मारतो. "तुम्हाला बरं दिसेल तसं," असं कुणी म्हणालं की माझा हात थांबतो.

मागच्या वर्षी भोंगाबाय गेली. त्याच दारात, भात चुलीवर असताना. कळल्यावर मी सुगंधाला फोन केला. पलीकडून जेमतेम हुंकार येत होते. मी विचारलं, "दार नीट लागतं ना गं?"

 तिकडून आली ती एक आरोळी, "हाऽऽड! मेल्यांनो!" फोन माझ्या हातातून पडला आणि खिडकीतली कबुतरं उडाली. पुण्यातली.

"कावळे होते," फोन उचलला तेव्हा सुगंधा हळूच म्हणाली. "दारातून दिसले."