जमिनीवरचा एसीवाला

मास्तर शाळेतले मास्तर नव्हते. ते घरोघरी जाऊन एसीच्या जाळ्या साफ करायचे, पाणी गळत असेल तर नळी मोकळी करायचे. बारा वर्षं हेच काम, एकाच दुकानातून. पण ज्या घरी गेले त्या घरातल्या माणसाला जाळी काढायला, धुवायला आणि परत बसवायला शिकवून आले, म्हणून दुकानात त्यांचं नाव मास्तर पडलं. बायका दुकानात फोन करून सांगायच्या, "तुमचा माणूस काय छान समजावतो हो! आमच्या ह्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच घरातली एखादी वस्तू स्वच्छ केली."

आता आतली गोष्ट. मास्तरांना उंचीची भीती वाटायची. उंची म्हणजे डोंगर, मनोरा वगैरे लांबच राहिले. मास्तरांना स्टूल पुरायचं. स्टुलावर एक पाय ठेवला की पोटात गोळा, दुसरा ठेवला की गुडघ्यांचं पाणी. लहानपणी कुठून पडले म्हणावं, तर तसंही काही नव्हतं. पडायला आधी चढावं लागतं, आणि मास्तर कधी चढलेच नव्हते.

मग असला माणूस या धंद्यात आला कसा? तर मास्तर मूळचे फ्रिजवाले. फ्रिजसारखं सद्गुणी यंत्र नाही असं त्यांचं अजूनही मत आहे. दोन पायांवर, म्हणजे चार पायांवर, जमिनीला धरून उभं राहतं, आणि त्याचं दुखणं खाली बसून बघता येतं. पण दुकानाच्या मालकाने एक दिवस फ्रिजचं काम बंद केलं आणि सगळ्यांना एसीवर घातलं. एसी बसवणारे लोक कुठल्या सूडबुद्धीने ते छतापाशी टांगतात हे मास्तरांना आजवर कळलेलं नाही.

पहिल्याच दिवशी, पहिल्याच घरात, मास्तर स्टुलासमोर उभे राहून मनातल्या मनात राजीनामा लिहीत होते. तेवढ्यात घरमालकाने सहज विचारलं, "मी बघितलं तर चालेल का, कसं काढतात ते?"

बुडत्याला काडीचा आधार. मास्तर म्हणाले, "बघता कशाला साहेब? कराच की! हाताला वळण लागलं पाहिजे."

घरमालक वर, मास्तर खाली. तेव्हापासून बारा वर्षं हाच रिवाज. "आधी बटण बंद. झाकण दोन्ही बाजूंनी धरा, वर उचला, टक् आवाज येईल. आला? शाब्बास. आता जाळी थोडी वर ढकला, मग खाली ओढा. मागच्या पातळ पत्र्यांना हात लावू नका, ते केसांपेक्षा लवकर वाकडे होतात." मास्तरांचा आवाज इतका धीराचा असायचा की ऐंशी-नव्वद किलोचे एक शिंपीदादासुद्धा त्यांच्या भरवशावर डुगडुगत्या स्टुलावर चढले होते. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी तर जाळी इतक्या निगुतीने घासली, की शेवटी "आता चूळ भरा" म्हणतील असं वाटलं.

घरी हीच तऱ्हा. दिवा गेला तर बायको स्टुलावर चढायची आणि मास्तर खालून म्हणायचे, "दिवसभर तेच करून आलोय गं, घरी आल्यावर तरी नको." तिला बिचारीला नवऱ्याचे कष्ट बघून भरून यायचं. मास्तरांनाही भरून यायचं, पण शरमेने.

दुकानाने दिलेली घडीची शिडी मास्तर न चुकता स्कूटरला बांधून नेत. सहा पायऱ्यांची. बहुतेक घरांत दोन पायऱ्यांवरूनच हात पोचायचा, म्हणून खालच्या दोन पायऱ्या गिऱ्हाइकांच्या चपलांनी घासल्या गेल्या होत्या आणि वरच्या चारांवर कारखान्याचं स्टिकर अजून शाबूत होतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना दुकानात नवे साहेब आले. त्यांनी आल्याआल्या नियम काढला: प्रत्येक कामाचा फोटो पाहिजे. आपला माणूस वर, यंत्र उघडं, चेहरा स्पष्ट.

मास्तरांनी महिनाभर नाना खटपटी केल्या. जाळी छातीशी धरून जमिनीवर उभं राहून फोटो काढला. एका घरी एसीखालीच पलंग होता, तर पलंगावर उभे राहिले. पलंगाची त्यांना भीती नव्हती, कारण पलंगावरून पडलं तर माणूस पलंगावरच पडतो. पण रोज असा पलंग कुठून आणणार? शेवटी शुक्रवारी साहेबांनी त्यांना बोलावलं आणि महिन्याचे फोटो टेबलावर मांडले.

"ह्यात शिडीवर कोण आहे?"

"गिऱ्हाईक."

"ह्यात?"

"गिऱ्हाइकाची मिसेस."

"आणि आपला माणूस?"

"तो खाली आहे. शिडी धरून."

साहेब डोळे चोळत म्हणाले, "मास्तर, सोमवारपर्यंत मला एक फोटो द्या. एकच. तुम्ही वर. नाहीतर दुसरीकडे काम बघा. काम न करणारा माणूस मी पदरी ठेवू शकत नाही."

पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडे कोण विचारतं? फ्रिजचं काम आता कुणी देत नव्हतं. आणि बायकोला काय सांगायचं? बारा वर्षं जे काम करून मी दमून येतो, ते मी केलंच नाही म्हणून मला काढलं? मास्तरांना त्या शुक्रवारी जेवण गेलं नाही.

शनिवारी त्यांच्या वाट्याला आलं एका आजींचं घर. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची कामं मास्तर नेहमी युक्तीने दुसऱ्याच्या गळ्यात मारत, कारण तिथे चढवणार कुणाला? पण त्या दिवशी दुसरा कुणी नव्हताच.

आजी एकोणऐंशी वर्षांच्या. पस्तीस वर्षं इस्पितळात नोकरी करून हेडनर्स म्हणून निवृत्त झालेल्या. अंगाने काटकुळ्या, गुडघ्याला पट्टा, आणि आवाज असा की अजूनही वॉर्डातली माणसं दचकून सरळ झोपली असती. घर लख्ख होतं. फक्त एसी खोकल्यासारखा आवाज काढत होता आणि वारा म्हणाल तर फुंकर घातल्याइतका. मास्तरांनी आशेने पलंगाकडे पाहिलं. पलंग खिडकीशी होता, एसी समोरच्या भिंतीवर, जुन्या घराच्या उंच छतापाशी.

"जाळी तुंबली आहे," मास्तर म्हणाले, आणि बारा वर्षांची सवय, पुढचं वाक्य आपसूक तोंडातून बाहेर पडलं. "काय आहे आजी, हे आपलं आपण शिकून घेतलं ना, तर कुणावर अवलंबून राहावं लागत नाही."

वाक्य संपायच्या आत मास्तरांना आपली जीभ चावावीशी वाटली.

"अगदी माझ्या मनातलं बोललास," आजी म्हणाल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला, चपला काढल्या, गाऊनच्या बाह्या सरसावल्या आणि मास्तरांनी शिडी उघडेपर्यंत पहिल्या पायरीवर पाय ठेवलासुद्धा.

मास्तर शिडी धरून उभे राहिले. आजी दुसऱ्या पायरीवर गेल्या. गुडघ्यातून कटकन आवाज आला. आजी क्षणभर थांबल्या, ओठ घट्ट मिटले, आणि तिसऱ्या पायरीसाठी पाय उचलला. तो पाय हवेत नुसताच हलत राहिला, पायरी काही सापडेना.

"उतरा!" मास्तर ओरडले. एवढ्या मोठ्यांदा ते आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. "आधी उतरा आजी. मी चढतो."

आजी उतरल्या. आता बोललेलं गिळता येत नव्हतं. मास्तरांनी एसीचं बटण बंद केलं, मग ते बंद आहे ना हे पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं. शेवटी शिडीशी आले.

पहिली पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीवर मास्तरांनी शिडीला अशी मिठी मारली, की तशी बायकोलाही कधी मारली नव्हती. इतक्यात घोट्याला गार बोटं लागली.

"हलू नकोस," खालून आजी म्हणाल्या. "नाडी बघतेय. घोट्यामागे लागते." थोडा वेळ गेला. "एकशे अठ्ठावीस. किती वर्षं झाली ही भीती?"

"कसली भीती?" मास्तर भिंतीला म्हणाले.

"अरे, वरच्या पायऱ्यांवरचं स्टिकरसुद्धा निघालेलं नाही. मला काय कळत नाही होय?"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "जन्मापासून," ते म्हणाले. "कुणालाच माहीत नाही. बायकोलापण नाही."

"मग आज चढलास कशाला?"

"तुम्ही पडला असतात."

आजींनी घोटा अधिक घट्ट धरला. "पाचवीपर्यंत जा," त्या म्हणाल्या. "मी इथेच आहे. श्वास सोड. घेतोयस नुसता, सोडतच नाहीस."

मास्तर पाचव्या पायरीपर्यंत पोचले. झाकण उचललं, टक् आवाज आला, आणि तो आवाज इतक्या जवळून आपण आजच ऐकतोय हे त्यांच्या लक्षात आलं. जाळी ओढली तशी सालभराची धूळ गोधडीसारखी तोंडावर आली. मास्तरांना शिंक आली. शिंकायला हात मोकळा नव्हता, म्हणून ती तशीच भिंतीवर गेली. "ते मी पुसेन," आजी म्हणाल्या. "तू शिडी सोडू नकोस."

मास्तरांनी दोन्ही जाळ्या खाली दिल्या, मग कसाबसा खिशातला फोन दिला आणि साहेबांचा हुकूम थोडक्यात सांगितला. आजींनी फोन छातीशी धरला आणि एकटक वर मास्तरांकडे बघत बटण दाबत राहिल्या. फोनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रोग्यावरून नजर काढायची नाही, ही पस्तीस वर्षांची सवय. खाली उतरल्यावर मास्तरांनी पहिला फोटो न बघताच साहेबांना पाठवला आणि पाच मिनिटं जमिनीवर बसून राहिले. जमीन इतकी गोड कधी लागली नव्हती.

मग न्हाणीघरात मास्तर पुन्हा मास्तर झाले. "पाणी मागच्या बाजूने सोडायचं आजी. पुढून सोडलं तर धूळ आणखी आत बसते. साबण सौम्य, ब्रश मऊ. आणि उन्हात वाळवायचं नाही, जाळी पापडासारखी वाकते." आजी मान डोलवत होत्या. दोघांनी जाळ्या सावलीत टेकवून ठेवल्या, आणि त्या वाळत आल्या तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"मास्तर, ही थट्टा आहे का? ह्या बाई कोण?"

मास्तरांनी फोटो उघडला. फोटोत आजींची हनुवटी होती, दोन नाकपुड्या होत्या आणि काळजीने बारीक झालेले डोळे होते. कॅमेरा उलटा लागला होता. मास्तरांनी पुढचे फोटो पाहिले. अकरा फोटो, अकरा वेळा आजी.

"साहेब, मी खरंच वर होतो हो."

"सोमवारी या. बोलू," म्हणून साहेबांनी फोन ठेवला. त्या 'बोलू'चा अर्थ कळायला मास्तर काही कुक्कुलं बाळ नव्हते.

आजींनी फोटो पाहिले आणि कपाळाला हात लावला. "माझ्यामुळे झालं हे."

"जाऊ द्या आजी. नशिबात नव्हतं." मास्तरांनी हत्यारांची पिशवी उचलली. आपण वर गेलो होतो हे जगात एका माणसाला ठाऊक आहे, तेवढं पुरे, असं ते स्वतःला समजावत होते. पुरत मात्र नव्हतं.

"निघालास कुठे?" आजी म्हणाल्या. "जाळ्या वाळल्या. बसवणार कोण?"

मास्तर जागच्या जागी थिजले. लोकांना हजार वेळा सांगितलेली गोष्ट, की काढलेली जाळी परत बसवावी लागते, ती आज स्वतःच्या बाबतीत त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. त्यांनी शिडीकडे पाहिलं. मग आजींच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली.

"थांब," आजी म्हणाल्या. "तुझ्या साहेबाला फोन लाव. तो चित्र दिसणारा. आणि बटण तूच फिरवून दे, मला नको सांगूस."

साहेब पडद्यावर आले, ते वैतागलेलेच. मास्तरांनी कॅमेरा नीट फिरवून फोन आजींच्या हातात दिला, जाळ्या काखेत घेतल्या आणि शिडीशी गेले. या वेळी घोट्याला कुणाचा हात नव्हता, कारण आजींच्या हातात फोन होता. पहिली, दुसरी, तिसरी. शिडी खडखड वाजत होती. पाचवीवर मास्तरांनी एक जाळी बसवली, दुसरी बसवली आणि झाकण लावलं.

"अहो बाई," फोनमधून साहेबांचा आवाज आला, "मास्तर थरथरतायत का?"

शिडीवर मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. आता सगळं संपलं.

पस्तीस वर्षं ज्या हाताने रडणाऱ्या पोरांच्या शिरा पहिल्या खेपेला शोधल्या, तो हात आजींनी फोनसकट जोरजोरात हलवायला सुरुवात केली.

"तो कशाला थरथरेल? चांगला घट्ट उभा आहे," त्या म्हणाल्या. "माझा हात कापतो हो साहेब. वय झालं."