फिरंगी गुलाब

माझा नवरा रिफायनरीत इंजिनियर आहे, आणि घरात तो मोजकंच बोलतो. जेद्दाला आल्यापासून मी ते गृहीतच धरलं होतं. मग आमच्या मजल्यावर पुण्याची एक दातांची डॉक्टर राहायला आली आणि त्याला वाचा फुटली.

निमित्त झालं तिच्या दिवाणखान्यातल्या जुन्या इराणी गालिच्याचं. आम्ही पहिल्यांदा चहाला गेलो तेव्हा हा चक्क गुडघे टेकून, कोपरा उलटून गाठी बघायला लागला. तीही शेजारी बसली. माझा चहा निवून गेला तरी दोघांचं संपेना. तिचा नवरा यानबूला साइटवर असायचा, फक्त सुट्टीला यायचा. एरवी तिच्याकडून माझ्या नवऱ्याच्या फोनवर गालिच्यांचे फोटो यायचे. जेवताना तो ते बघून हसायचा.

"काय रे?"

"काही नाही, गालिच्याचं आहे. तुला कंटाळा येईल."

हे फार लागलं मला. दोघांत वावगं काही नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं. असतं तर भांडता तरी आलं असतं! नुसत्या गप्पांवरून कुठल्या तोंडाने भांडायचं?

आमची मुलगी शाळेत गेली की मी गालिच्यांविषयी वाचायला बसू लागले. आवडीने नाही, ईर्षेने.

एका संध्याकाळी आम्ही तिघं अझीझिया भागातल्या एका गालिच्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काळसर पार्श्वभूमीवर टपोऱ्या गुलाबी गुलाबांचे गुच्छ असलेला गालिचा उलगडला.

"किती अस्सल इराणी!" ती म्हणाली. नवऱ्याने लगेच मान डोलावली.

"हे गुलाब इराणी नाहीत," मी म्हणाले. "याला तिकडे गुल फरंग म्हणतात. आपण फिरंगी म्हणतो ना, तेच. युरोपातून आलेल्या कापडांवर, चिनी मातीच्या भांड्यांवर असे गुलाब असायचे. ते बघून इराणातल्या कारागिरांनी उचलले. पुढे युरोपातले व्यापारीच तिथे जाऊन बसले. परदेशातल्या दिवाणखान्यांना शोभतील अशी मापं, रंग, नक्षी सांगून विणून घ्यायला लागले. तुझ्या घरचाही बहुतेक तसाच असेल."

तिचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. पण तिने माझा हातच धरला. "अगं, मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

आणि नवरा तिच्याकडे वळून म्हणाला, "बघा, म्हणजे आपण समजत होतो ते चूकच!"

आपण. म्हणजे ती आणि तो. एवढं वाचून मी त्यांच्या गप्पांना नवा विषय तेवढा पुरवला होता.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "तू हे सगळं कधी वाचलंस?"

"तू कामावर असताना."

"मला सांगायचंस की." तो खरंच खट्टू झाला होता. मी भांडी लावत राहिले. तो तिथेच ओट्याला टेकून उभा राहिला आणि कारागिरांचं पुन्हा सांग म्हणाला. मी सांगितलं, तुटक तुटक.

आता ती काहीही नवं दिसलं की आधी मला विचारते. तिला मी मनापासून आवडते, त्यामुळे राग धरायलाही जागा उरलेली नाही. तरी तिने बेल वाजवली की दार उघडायच्या आधी माझी नजर नवऱ्याकडे जाते. तो केस सारखे करतो का, ते मी बघते.