सुमनवहिनींची तारीख

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला म्हणून कितीदा गेलो आणि चहा मागून परत आलो. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून जमतंय बहुतेक.

नव्वदनंतरची गोष्ट. वडिलांना घशाचा कॅन्सर झाला आणि त्यांच्याबरोबर मी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात महिनोन्‌महिने काढले. वडील गेले. पण केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो, रिपोर्ट कुणाकडे मागायचा, किरणांचा शेक द्यायला नंबर कसा लागतो — सगळं अंगवळणी पडलं. मग आमच्या कळस गावातल्या, आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या कुणाला गाठ निघाली की माणसं माझ्या दारात. "तुमी हाय म्हणून धीर हाय, भाऊसाहेब." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

आणि म्हणूनच मी कुणाला वाट शिकवली नाही. उलट सांगायचो, "माज्याबिगर जाऊ नगा, तितं कुणी इचारत न्हाय." विचारत विचारत कुणीही गेलं असतं. पण मग मला कोण विचारणार होतं?

सुमनवहिनी आमच्या शेजारच्या. त्या आणि रघुनाथराव, नवराबायको मिळून वांगी-भेंडी करायचे. इंदापूरच्या बाजारात पाटी घेऊन बसायच्या मात्र वहिनीच. भाव पाडून मागणाऱ्याला अशा झाडायच्या की तो गुमान पैसे काढायचा. छातीत गाठ लागली तेव्हा मात्र लाजेनं काही दिवस बोलल्याच नाहीत. मग बारामतीच्या डॉक्टरांनी सुई घालून तपासलं आणि पुण्याला पाठवलं. अर्थात माझ्याबरोबर.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला एकट्यालाच आत बोलावलं. आमच्याकडची रीतच तशी — रोगाचं नाव रोग्यापुढे काढायचं नाही, जाणत्याला बाजूला घ्यायचं. रघुनाथरावही बाहेरच थांबले. "तुमीच ऐका, मला काय कळतंय?" बाई म्हणाल्या, आठ दिवसांत आणा. अजून पसरलेलं नाही, ऑपरेशन करू, बऱ्या होतील. पण उशीर नको.

त्याच आठवड्यात — कसं सांगू? — भवानीनगरच्या एका वजनदार गृहस्थांच्या आईला मला उपचारासाठी मुंबईला न्यायचं होतं. त्यांच्या गाडीतून. लोणी देवकरच्या कारखान्यात माझ्या भावाला कामाला लावायचा शब्द त्यांनी दिला होता. मी बाहेर आलो. बाकावरून दोघंही उठून उभे राहिले.

"पुढच्या म्हयन्यात बोलावलंय," मी म्हणालो.

इतकंच. जीभ अडखळली नाही. परतताना एसटीत वहिनींनी मला खिडकीची जागा दिली.

म्हातारीचं मुंबईत लांबलं. इकडे वहिनी सारख्या घरी येऊन विचारून जायच्या — भावजी आले का? ती दोघं आपली आपण का गेली नाहीत? मीच नाही का सांगून ठेवलं होतं? शेवटी मी नेलं, तेव्हा गाठ काखेत उतरली होती. बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुढे ते हाडात गेलं. त्यानंतर कुणाच्या हातात काही उरलं नाही.

इथवर मी भित्रा होतो, लोभी होतो. याहून वाईट पुढे आहे.

शेवटी शेवटी त्या ओसरीवर पडून असायच्या. एका दुपारी रघुनाथराव उशाशी होते, मी पायाशी. वहिनींनी विचारलं, "भावजी, खरं सांगा. उशीर कुठं झाला?" आवाजात राग नव्हता. जायच्या आधी त्यांना फक्त कळायला हवं होतं. तेव्हा तरी मला बोलता आलं नसतं? एक वाक्य — नसतं आलं?

मी म्हणालो, "वहिनी, तुमी पयल्यांदा अंगावर काढलं न्हवं? तितंच झाला."

त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना. मग चाचपडत नवऱ्याचा हात धरला.

"व्हय, माजंच चुकलं. लाजंपायी गप ऱ्हायले. तुमचा संसार म्याच मोडला. मला माफ करा."

रघुनाथराव हमसून रडले. रडता रडताच त्यांनी वहिनींना माफ केलं, आणि मी पायाशी बसून ते ऐकलं.