दादाच्या खुर्चीवर ऑल-इन

दोन वर्षं रविवारची दुपार एकाच टेबलावर काढली की किस्से साठत जातात. भनपुरीत साहू भैयांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसमागच्या खोलीत आम्ही चौघं पोकर खेळायचो. आता तिघं आहोत. दोन महिन्यांपूर्वी माझा दादा गेला. किस्से सांगायचं काम त्याचं होतं. मी सातवीत शाळा सोडली, तेव्हा जमेल तसं सांगतो.

* * *

मंगेशचं पंडरीत कापडाचं दुकान आहे. आमचे चिप्स म्हणजे त्याच्याकडची शर्टाची बटणं. एकदा त्याची सगळी बटणं संपली. दादा म्हणाला, "अंगावरची लाव." त्यानं खरंच तोडून लावली, आणि हरला! उघड्या शर्टानं घरी गेला, तर वहिनी म्हणाली, "पत्ते खेळून राहिले होते का कुस्ती?"

* * *

माझं तोंड हातांच्या आधी चालतं. समोरच्यानं लावली तेवढी बटणं आपणही लावायची असली की 'कॉल' म्हणतात. एकदा साहू भैया नुसते खोकले आणि मी म्हणालो, "कॉल."

* * *

एकदा साहू भैयांनी ऑल-इन केलं, म्हणजे सगळी बटणं पुढे सरकवली. कॉल करावा की पत्ते टाकावे, दादा विचार करत होता. तेवढ्यात आईचा फोन आला, "येताना मेथी आणतो ना रे?"

"हव," दादा म्हणाला.

साहू भैयांनी धाडकन पत्ते उघडले. "कॉल हो गया!"

"मी आईले हव म्हटलं न भैया."

"टेबल पे बोला, तो टेबल का."

डाव दादाच जिंकला. आई फोनवर विचारत होती, "काहून हसून राहिले रे?"

* * *

आता गेल्या रविवारचं.

आम्ही सगळे प्लास्टिकच्या स्टुलांवर बसतो. लाकडी खुर्ची एकच, टूर्नामेंट जिंकेल त्याची. दादानं ती कधी सोडलीच नाही. तो गेल्यावर पहिल्यांदाच टूर्नामेंट ठेवली. मी जिंकलो तर तिच्यावर कोणालाच बसू देणार नव्हतो.

मंगेश आधी बाद झाला. शेवटी मी आणि साहू भैया उरलो. खाली, दोघांच्या सामाईक पत्त्यांत, दहा, सात, दोन, राजा, चार पडलेले. माझ्या हातात राजा आणि दहा, म्हणजे दोन जोड्या. साहू भैयांनी सगळी बटणं सरकवली. माझी त्याहून कमी होती. कॉल करून हरलो तर खुर्ची गेली. पत्ते टाकले तर उरलेली बटणं दर डावाला सक्तीनं लावण्यातच दोन-तीन डावांत झिजणार.

मी पत्ते उचलून पाहिले, पालथे ठेवले, पुन्हा उचलले.

"भाई, आज पहली बार सोच रहा है तू," साहू भैया हळूच म्हणाले. "आराम से सोच."

दादा असता तर त्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं असतं. मी पाहिलं. डोळे ओले होते. त्यावरून पत्ते कसे कळणार?

"कॉल," मी म्हणालो.

त्यांच्याकडे दोन सत्ते होते. खालचा धरून तीन, माझ्या दोन जोड्यांपेक्षा भारी.

"मैं नहीं बैठूँगा," भैया म्हणाले.

मी उठलो, खुर्ची ओढली. "बसा भैया. नियम आहे."

ते बसले. बटणं गोळा करायला पुढे वाकले, तशी खुर्ची एका अंगाला कलली आणि ते टेबलावर आदळता आदळता वाचले. मंगेशनं खाली वाकून पाहिलं. एक पाय आखूड होता.

"म्हणजे दादा बटणं सरकवताना डुलायचा, ते यानं?" मंगेश म्हणाला. "आपण तर ब्लफची हूल समजून कॉल करत होतो, अन् हरत होतो बे!"

साहू भैया खुर्ची धरून म्हणाले, "दो साल!"