तोंडवलीच्या पाण्यात दादाच्या पायाखाली

मी फिजिओथेरपिस्ट आहे. भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाते, इतका मला त्याचा कंटाळा. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझा मोठा भाऊ तोंडवलीला कॅम्पिंगला गेलो होतो. सुरूच्या बनात तंबू, समोर समुद्र, थोडं चालत गेलं की खाडीचं मुख. तंबूंचं सगळं बघणारे काका तिथलेच, मासेमारी करणारे.

सकाळी ऊन वर आल्यावर दादा पोहायला उतरला. तो चांगला पोहतो, म्हणून मी निवांत होते. पण बघता बघता त्याचं डोकं लहान लहान होत गेलं. काका धावत आले.

"ओहोटी लागली गो. खाडयेचा पाणी तेका भायर ओढता आसा," म्हणत त्यांनी होडी लोटली.

दादाचे हात थांबले. डोकं पाण्याखाली गेलं. मी पाण्याकडे धावले.

आणि मग... दादा वर आला. आधी कंबरेपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. त्याच्याभोवतीचं पाणी गुळगुळीत झालं होतं, आणि माझा भाऊ भर समुद्रात उभा राहून सावकाश किनाऱ्याकडे येत होता. चालत नव्हता — नुसता उभा होता. काकांनी वल्हं मांडीवर ठेवलं आणि हात जोडले.

उथळ पाण्यात तो कोसळला. मी त्याला धरलं.

"मनू, पायाखाली ऊब होती गं," तो म्हणाला. "गाईच्या पाठीसारखी. श्वास चालू होता तिचा."

"मोठा मासा असेल का?" मी काकांना विचारलं.

ते होडीतून खाली बघत होते. पाणी नितळ, तळाची वाळू स्वच्छ दिसत होती. "एवढो मोठो मासो ह्या गुडघाभर पाण्यात इलो खंयसून? आणि इलो, तर गेलो खंय?"

मी नंतर बरंच वाचलं, जाणकारांना विचारलं. पटेल असं उत्तर कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही.

त्या संध्याकाळी दादा परत पाण्याशी गेला. घोटाभर पाण्यात वाकून त्याने दोन्ही तळवे पाण्यावर टेकवले, आणि कितीतरी वेळ हलके हलके थोपटत राहिला.