समोरचा थांबा

राजाजीनगरच्या बसथांब्यावर ती रोज भेटायची. बी.एस्सी. केमिस्ट्री करून औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागलेली, बोटांवर आम्लाचे पिवळे डाग. या कानडी शहरात मला फोनवर मराठीत बोलताना ऐकून तिनेच ओळख काढली होती; तीही मराठीच.

एकदा म्हणाली, "अक्का, एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. कर्ज काढावं लागेल. बाबा म्हणतात, हातातला पगार सोडू नकोस."

"मग?"

बोटं चोळत ती म्हणाली, "इथे मी दुसऱ्यांनी ठरवलेल्या चाचण्या करते. हप्ते काही वर्षांत फिटतील, पण हे काम जन्मभर असंच राहील. मी जाणार."

पुढच्या महिन्यात ती समोरच्या थांब्यावर दिसली, विद्यापीठाकडे जायला निघालेली. मी हात केला. ती हसली आणि गर्दीतून वाट काढत बसमध्ये चढली.